‘ब्र’ला काना

जुलै २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांनी फेसबुकवर ‘बाई, बुब्स आणि ब्रा’ या शीर्षकाची एक पोस्ट लिहिली. निमित्त किरकोळ होतं. त्यांनी घरात पोळ्या करतानाचा एक व्हिडिओ टाकला होता आणि पाहणाऱ्यांपैकी काहींचं लक्ष पोळ्यांवर नव्हतं. त्यांना उत्तर म्हणून ही पोस्ट आली. पुढचे काही दिवस मराठी माणसांनी तिच्यावर जितकी चर्चा केली, तितकी एखाद्या कादंबरीवर क्वचितच होत असेल. पाठिंबा आला, शिव्या आल्या, वर्तमानपत्रांत लेख आले. मी तेव्हा घरून काम करत होते, म्हणजे मोर्शीला होते, आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती पोस्ट कुणीतरी टाकली नि पाच मिनिटांत काढून टाकली. ती कुणी काढली यावर मात्र कुणी ब्र काढला नाही.

आपल्या भाषेत न बोलण्याला ‘ब्र न काढणे’ म्हणतात. कविता महाजनांनी २००५ साली ‘ब्र’ याच नावाची कादंबरी लिहिली, तिच्यात ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायका होत्या. त्या अक्षराला नुसता एक काना दिला की ज्याबद्दल ब्र काढायचा नसतो ती वस्तू तयार होते. हा योगायोग आहे, मला ठाऊक आहे. पण मजेदार आहे.

हेमांगी कवींच्या पोस्टचं महत्त्व मी कमी लेखणार नाही. घालायची की नाही हे बाईने ठरवायचं, आणि निदान स्वतःच्या घरात तरी दुसऱ्याच्या नजरेसाठी तिने काच सोसू नये, ही मांडणी मराठीत इतक्या सरळ शब्दांत आणि इतक्या लोकांसमोर आली, हे फार बरं झालं. माझी तक्रार पोस्टवर नाही, तिच्यानंतर झालेल्या चर्चेवर आहे. ती सगळी चर्चा घालणं आणि न घालणं या दोन टोकांतच फिरत राहिली. एक बाजू संस्कृतीची, दुसरी स्वातंत्र्याची. ज्या वस्तूवरून हे चाललं होतं ती मापाची असते, ती अंगाला बसते किंवा बसत नाही, आणि बहुतेक वेळा बसत नाही, हे दोन्ही बाजूंच्या गावीही नव्हतं. काच होतो म्हणून काढून टाकावीशी वाटते, हे सगळ्यांनी मान्य केलं. काच का होतो हे कुणी विचारलं नाही. चप्पल चावत असेल तर आपण आधी नंबर बघतो. अनवाणी चालण्याच्या हक्कावर परिसंवाद त्यानंतर.

हे आजचं नाही. मे २०१३ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाने दुकानांबाहेरच्या तोकड्या कपड्यांतल्या पुतळ्यांवर बंदी घालावी असा ठराव मंजूर केला होता. नगरसेविका रितू तावडे यांचा तो प्रस्ताव, आणि स्त्रियांवरच्या अत्याचारांशी त्या पुतळ्यांचा संबंध जोडलेला. त्यावर टिंगल पुष्कळ झाली. पण ठराव आणणारे आणि टिंगल करणारे, दोघांनाही पुतळ्याच्या अंगावरची ब्रा म्हणजे फक्त एक दृश्य वाटत होतं. पुतळ्याला ती बसते कारण पुतळा तिच्या मापाचा बनवलेला असतो. खरी गंमत तिथे आहे. मोर्शीच्या बाजारात तर पुतळाही नसतो, खोक्यावरचा फोटो असतो, आणि ते खोकंही दुकानदार चित्राची बाजू खाली करून पुढे सरकवतो.

मी आठवीत असताना आईबरोबर पहिल्यांदा अशा दुकानात गेले. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, आणि मागच्या फळीवर ही खोकी. आई आवाज उतरवून म्हणाली, “भाऊ, बत्तीस दाखवा बरं.” त्याने माझ्याकडे एकदा बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, “तीस देतो, काकू. तीस बरोबर होते.” आईने मान डोलावली. “घालून पाह्यता येते काय?” असं मी विचारलं, तर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की पुढची दहा वर्षं मी तो प्रश्न कुठल्याही दुकानात विचारला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुडकं आईने पिशवीत भाजीच्या खाली ठेवलं.

त्या दुकानदाराचा मला राग नाही. तो वाईट नजरेचा माणूस नव्हता, आणि त्याने केलं तेच पुढे मला कित्येक इंग्रजी बोलणाऱ्या यंत्रांनी करून दाखवलं. त्याचा हिशेब समजून घ्यायला मला अभियांत्रिकीची पदवी आणि नोकरीची दोन वर्षं लागली.

हिशेब असा. छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवर, टेप घट्ट धरून एक माप घ्यायचं. दुसरं छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप सैल धरून. समजा पहिलं आलं २९ इंच, दुसरं ३६. आपल्याकडे सर्वाधिक चालणारी जुनी रीत सांगते, पहिल्या मापात चार मिळवा, ते विषम असेल तर पाच. म्हणजे २९ चे झाले ३४. छत्तीसातून चौतीस वजा केले, उरले दोन. एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी. उत्तर: ३४ बी. आता दुसरी रीत. काहीही मिळवायचं नाही, २९ ला जवळची सम संख्या ३०, छत्तीसातून तीस गेले सहा, आणि ब्रिटिश क्रमाने (ए, बी, सी, डी, डीडी, ई) सहावं अक्षर येतं ई. उत्तर: ३० ई. बाई तीच आहे, टेपही तोच आहे.

यावर कुणी म्हणेल की वेगळ्या दोन एककांत सांगितलेली ती एकच गोष्ट असेल, जशी इंच आणि सेंटिमीटर. मलाही आधी तसंच वाटलं होतं. कारण पट्टा दोन इंचांनी वाढवला की कप एक अक्षर खाली उतरवायचा, म्हणजे कपाचं आकारमान जवळपास तेच राहतं, असा एक नियम आहेच. तो लावून बघा. ३० ई च्या बरोबरीचा ३२ डीडी, त्याच्या बरोबरीचा ३४ डी. पहिल्या रीतीने दिलेलं उत्तर मात्र ३४ बी आहे. म्हणजे पट्टा चार इंच सैल आणि त्या सैल पट्ट्यावरही कप दोन अक्षरांनी लहान. ही एककांची गफलत नाही, उत्तरच चुकलेलं आहे. आणि ते कसं चुकलंय ते अंगावर दिसतं: पट्टा पाठीवर वर चढतो, पुढचा भाग खाली ओढला जातो, मग बंद आवळायचे, मग सगळा भार खांद्यांवर. वास्तविक बहुतेक भार पट्ट्याने घ्यायचा असतो, बंदांचं काम कप जागेवर ठेवण्यापुरतं.

मिळवायचे ते चार इंच आले कुठून? कापड ताणलं न जाण्याच्या काळातली ती तजवीज आहे, असं त्याचं समर्थन केलं जातं. कपांना अक्षरं देण्याची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झाली, एस. एच. कॅम्प आणि वॉर्नर या कंपन्यांपासून, आणि तेव्हा अक्षरं होती चार, ए ते डी. पुढे कापड बदललं, त्यात रबरासारखे ताणले जाणारे धागे आले, अक्षरं वाढली. चार मिळवण्याचा नियम तसाच राहिला. आमच्या धंद्यात याला जुना कोड म्हणतात. कुणी का लिहिला ते आठवत नाही, पण काढला तर काय मोडेल या भीतीने ठेवलेला.

पण भीती हे एकच कारण नाही. सहा पट्टे आणि आठ कप ठेवायचे तर एका रंगाच्या एका नमुन्याची अठ्ठेचाळीस खोकी लागतात. सगळ्यांना बी म्हटलं की सहा. मोर्शीतल्या त्या दुकानात मागच्या भिंतीला एकच फळी होती. तिच्यावर जे मावतं त्याला माप म्हणायचं, हे त्याला भाग होतं. ज्यांच्या भिंतीला अंत नाही अशा संकेतस्थळांचं काय, हे बघावं म्हणून मी एकदा एका विक्रेत्याच्या ‘तुमचं माप शोधा’ या पानामागचा कोड उघडला. (हे कुणालाही करता येतं, यात काही चोरी नाही.) दोन आकडे घ्यायचे, वजाबाकी करायची, आणि फरक चारच्या वर गेला की काहीही असो, ‘डी’ परत करायचं. सहा इंच आले तरी डी, नऊ आले तरी डी. जे गोदामात नाही ते उत्तर ते पान देतच नव्हतं. आणि त्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं की ८० टक्के स्त्रिया चुकीच्या मापाची ब्रा घालतात.

या ८० टक्क्यांबद्दलही थोडं. हा आकडा सगळीकडे इतका फिरतो की तो कुणाचा हे विचारायचं राहून जातं. त्याच्याशी जुळणारा एक अभ्यास आहे, २००८ चा, ऑस्ट्रेलियातला. त्यात ८० टक्के निघाले खरे, पण तपासलेल्या तरुणी होत्या ३०. तीस जणींवरून जगातल्या बायकांबद्दल बोलणं मला पटत नाही, निष्कर्ष माझ्या बाजूचा असला तरी. त्यापेक्षा इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या जेनी व्हाइट आणि जोआना स्कर यांचं २०१२ चं काम मला जास्त उपयोगी वाटतं. संख्या तिथेही लहान, ४५ जणी. पण त्यांनी चुकीची टक्केवारी काढून थांबण्याऐवजी चुकीची दिशा दाखवली. टेपच्या पारंपरिक पद्धतीने काढलेला पट्टा बहुतेक जणींसाठी गरजेपेक्षा मोठा आणि कप गरजेपेक्षा लहान निघाला. आमच्या २९ आणि ३६ चं जे झालं तेच. त्यांची शिफारसही साधी आहे: आकड्यावर विसंबू नका, घालून बघा आणि बसली का ते तपासा. पट्टा पाठीमागे आणि पुढे एका पातळीत हवा. त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. नवी असताना सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, कारण आतले हुक पुढे पट्टा ताणला गेल्यावर लागणार. दोन कपांमधली पट्टी छातीच्या हाडाला टेकली पाहिजे. कडेने मांस बाहेर येऊ नये, कपाला सुरकुती पडू नये. यातलं काहीही खोकं पाहून कळत नाही, आणि आपल्याकडे मिळतं ते खोकंच.

खोक्यावरचे आकडेही एकदा वाचण्यासारखे आहेत. अनेकांवर ३४ च्या शेजारी ८५ सेंटिमीटर छापलेलं असतं. चौतीस इंचांचे ते साधारण सेंटिमीटर झाले, गणित बरोबर. पण युरोपात आपल्या चौतीसला ७५ म्हणतात, कारण तिथे तो आकडा खरोखर बरगड्यांवरच्या घेराचा असतो. आपला ३४ ना धड बरगड्यांचा, ना छातीचा. मधलाच कुठला तरी, चार मिळवून झालेला. त्याचं सेंटिमीटरमध्ये काटेकोर रूपांतर करून छापणं हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत विनोदी भाग आहे.

आणि तरी आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून, हे सगळं नीट जमणारी बाई होती. शिवणकाम करणाऱ्या मावशी. ब्लाऊजसाठी त्या नऊ-दहा मापं घ्यायच्या. छाती, छातीच्या वर, छातीच्या खाली, कंबर, खांदा, मुंढा, गळा पुढून आणि मागून, खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतची उंची, दोन टोकांमधलं अंतर. कपाला त्यांच्या धंद्यात शब्दही आहे, कटोरी. कटोरीचा ब्लाऊज शिवून घ्यायला लग्नसराईत बायका रांग लावतात आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. मावशी मापं घेताना मोठ्यांदा बोलायच्या, त्यांची मुलगी वहीत लिहायची, ओट्यावर बसलेल्या शेजारणी ऐकायच्या. त्याच बायका त्याच ब्लाऊजच्या आत घालायच्या गोष्टीचं माप कुजबुजत सांगायच्या, तेही चुकीचं. अंगाचं माप घेणं आपल्या संस्कृतीला वर्ज्य नाहीच. खणाच्या चोळीला तर पुढे गाठच असते, ज्या दिवशी जसं अंग असेल तशी मारायची. बाळंतपणानंतर, पाळीच्या आधी, वयाप्रमाणे छातीचं माप बदलतं, हे त्या गाठीला माहीत होतं. मावशी शिवताना आत कापड दाबून ठेवायच्या, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला ‘माया’ म्हणतात. “माया ठेवली आहे व, भिऊ नको,” त्या म्हणायच्या. तयार ब्रेला माया नसते. हुकांच्या तीन ओळी असतात, पण त्या उलट्या दिशेने, घट्ट करण्यासाठी.

मग तुटलं कुठे? माझा अंदाज असा की वस्तू शिंप्याकडून दुकानात गेली तिथे. शिवणारा माणूस अंगापासून सुरुवात करतो, विकणारा वस्तूपासून. एकदा वस्तू आधी तयार झाली की प्रश्न उलटतो, हे कापड कोणाला बसेल?

हा उलटलेला प्रश्न एका सिनेमाने अगदी निरागसपणे दाखवला आहे. जर्मन दिग्दर्शक फाइट हेल्मर यांचा ‘द ब्रा’, २०१८ चा. बाकूतल्या एका वस्तीतून रेल्वे इतकी घरांना चिकटून जाते की रुळांवर लोक चहा पितात, कपडे वाळत घालतात, आणि गाडी आली की सगळं उचलतात. निवृत्तीला आलेल्या चालकाच्या इंजिनाला एक निळी ब्रा अडकून येते. तो ती परत द्यायला दारोदार फिरतो. सिनेमाभर एकही संवाद नाही. दृश्यं देखणी आहेत आणि चालकाचं काम करणारे मिकी मानोइलोविच इतके गोड आहेत की टीका करताना अपराधी वाटतं. पण ही सिंड्रेलाचीच गोष्ट आहे, बुटाऐवजी ब्रा घेतलेली. एका बाजूला एक अचूक वस्तू, दुसऱ्या बाजूला घराघरांतल्या बायका, ज्यांनी ती अंगाला लावून आपण योग्य की अयोग्य ते ठरवून घ्यायचं. जिला बसत नाही ती हसण्याचा विषय होते. वस्तू कधीच चुकीची ठरत नाही. संवाद नसल्याने त्यातल्या एकाही बाईला “हे मला टोचतंय” असं म्हणता येत नाही. समीक्षकांनी या मौनाला काव्यमय म्हटलं तर मी समजू शकते. मला ते मोर्शीच्या दुकानासारखं वाटलं.

याउलट ज्यूडी ब्लूम यांची १९७० ची मार्गारेटची कादंबरी. तिच्यातही दुकान आहे, आई आहे, पहिली ब्रा घ्यायला आलेली मुलगी आहे. पण आपण मुलीच्या बाजूने उभे असतो, आणि ती मोजली जात असताना तिला काय वाटतं ते तीच सांगते. इतकंच. पन्नास वर्षांपूर्वीचं, मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलं, शरीराबद्दल कोरड्या, शास्त्रीय भाषेत बोलायची सोय करून ठेवली. त्या कोरडेपणाचा वारसा आपण घेतला नाही. आपल्या कवितेत वक्ष असतो, भाषणात अब्रू असते, आणि दुकानात “ते आतलं” असतं. बरगडीवरून टेप फिरवणारं वाक्य शोधायचं तर शिवणकामाच्या पुस्तकात जावं लागतं.

हे साहित्याचं दुखणं म्हणून सोडून देता आलं असतं. पण पोर्ट्समथच्याच गटाने २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ११ ते १८ वयाच्या २,०८९ शाळकरी मुलींना विचारलं होतं, तेव्हा ४६ टक्के मुलींनी सांगितलं की छातीमुळे त्यांच्या खेळण्यावर परिणाम होतो. तिथे, जिथे घालून बघता येतं. आमच्या शाळेच्या कबड्डीच्या संघातून मी नववीत बाहेर पडले. कारण विचारलं तेव्हा अभ्यास असं सांगितलं. सरांनी ‘हुशार आहे’ म्हणून कौतुक केलं. खरं कारण तीस नंबर होतं, आणि ते सांगायला शब्द नव्हते असं नाही, मावशींच्या वहीत सगळे होते. फक्त ते शब्द शाळेच्या मैदानावर चालत नव्हते.

आमचा भाग संत्र्यांचा. फळ आकाराप्रमाणे वेगळं करतात, तेव्हा कोणत्याही शेतकऱ्याला वाटत नाही की लहान-मोठं निघालं ही झाडाची चूक आहे. फळाशी बाईच्या अंगाची तुलना करणाऱ्या लेखकांचा मला कंटाळा आहे, म्हणून ही उपमा मी इथेच सोडते.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईच्या खांद्यांवरचे दोन खड्डे मी पहिल्यांदा नीट पाहिले. बंदांनी पडलेले, बोट ठेवलं तर बसेल असे. तिला विचारलं, तर म्हणाली, “माह्या अंगाची ठेवणच तशी आहे. मले कोन्तीच नीट होत नाही.” तेवीस वर्षं ती ३६ घेते आहे, त्याच फळीवरून. मावशींचा टेप मागून आणला, दार लावलं. बरगड्यांवर टेप धरला तेव्हा ती इतकी आखडली की आधी श्वास सोड म्हणावं लागलं. ३१ आले. मग तिला जरा पुढे वाकायला सांगून दुसरं माप घेतलं, ३९. तिने आकडे विचारले आणि हाताच्या बोटांवर वजाबाकी केली, तशी ती भाजीचा हिशेब करते. “आठ?” ती म्हणाली. “आठाचं कोन्तं अक्षर होते?”

बत्तीस पट्ट्यावर धरलं तर सात, मी म्हटलं, म्हणजे एफ. पण आधी घालून बघायची.

“एफ,” ती म्हणाली, आणि टेप स्वतःकडे घेऊन पुन्हा एकदा लावून पाहिला.